अडसर : दाराचा आणि संगणकाचा

पेडणे-डिचोलीकडच्या जुन्या घरांत थोरल्या दाराच्या मागे अडसर असे. भिंतीतल्या खोबणीत सरकवून ठेवलेला हा लाकडी दांडा दिवसा कोणाच्या वाटेत येत नसे. रात्री घरातल्या कोणीही तो ओढून दाराला आडवा लावावा. त्यासाठी वेगळे शिक्षण लागत नसे. आज मात्र ‘अडसर’ म्हटले की आपल्याला अडथळाच आठवतो. रक्षण करणाऱ्या वस्तूचे नाव अडवणाऱ्या गोष्टीला पडले. संगणकाच्या सुरक्षेचेही काहीसे असेच झाले आहे. ती पुन्हा दारामागच्या दांड्यासारखी व्हायची असेल, तर त्यात अभियंत्यांइतकाच भाषेच्या माणसांचाही वाटा आहे, एवढेच येथे सांगायचे आहे.

१९७५ साली जेरोम सॉल्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यांतले शेवटचे तत्त्व यंत्राविषयी नाही, माणसाच्या मनाविषयी आहे. सुरक्षेची व्यवस्था वापरायला इतकी सोपी असावी, की माणूस ती सवयीने आणि बिनचूक वापरील. प्रत्यक्षात याचा विसर पडत गेला. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी बारा सुशिक्षित माणसांना ‘पीजीपी’ ही प्रणाली देऊन ई-मेल कुलूपबंद करून पाठवायला सांगितले. वेळ नव्वद मिनिटे दिली होती. त्यांपैकी एक तृतीयांश लोकांनाच ते नीट जमले. दोष माणसांचा नव्हता, रचनेचा होता. पुढे एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअॅपने सर्व संदेशांना तसेच कुलूप लावले, तेव्हा वापरणाऱ्याला काहीही करावे लागले नाही. गावातली आजी नातवाला फोटो पाठवते तोही आज कुलूपबंद जातो, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

‘परवलीचा शब्द’ पाहा. पहारेकऱ्यांचा हा खुणेचा शब्द. तो छावणीतल्या आपल्या माणसांना ठाऊक असे आणि वेळोवेळी बदले. पासवर्डला आपण हेच नाव दिले. पण पासवर्ड एकट्याचे गुपित असते, आणि माणसाकडे अशी गुपिते आता डझनांनी झाली आहेत. ती ठराविक दिवसांनी बदलण्याची सक्ती केली, की माणूस जुन्याच शब्दापुढे एक आकडा वाढवतो किंवा चिठ्ठी लिहून चिकटवतो. म्हणूनच २०१७ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने सल्ला दिला, की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना तो बदलायला लावू नये. जाच कमी झाल्याने सुरक्षा घटत नाही; पुष्कळदा वाढते.

कधी कधी सूचना लिहिण्यापेक्षा धोक्याचे दारच बुजवणे बरे. यूपीआयमध्ये अनोळखी माणूस पैशांची ‘मागणी’ पाठवून, “पैसे मिळवायला पिन टाका,” असे फसवत असे. पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नव्हे, हे कितीदा सांगितले तरी लोक फसत. अखेर ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद झाली.

तथापि सगळी दारे बुजवता येत नाहीत. ओटीपी आपण फोनवर कोणाला वाचून दाखवतो, हे यंत्राला कळत नाही. तेथे निर्णय माणसाचाच असतो, आणि त्याच्या हाती एक वाक्य तेवढे असते. ते वाक्य हाच शेवटचा अडसर. आणि तेच वाक्य बहुधा इंग्रजीत येते.

आपल्या भागात याचे वेगळे महत्त्व आहे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय व्यवहारात मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. पेडणे, डिचोलीतल्या कितीतरी घरांत बोलणे कोकणीत आणि वाचणे मराठीत चालते. मराठी शाळेत शिकलेला, रोज मराठी वर्तमानपत्र वाचणारा वडीलधारा माणूस बँकेचा संदेश आला की मोबाईल दुसऱ्याच्या हाती देतो आणि म्हणतो, “वाचून सांग.” जो आकडा कोणालाही सांगू नये असे त्या संदेशात लिहिलेले असते, तोच आकडा अशा रीतीने परक्याच्या डोळ्यांखालून जातो. येथे निरक्षर कोणीच नाही. वाक्य परके आहे.

मराठीत नुसते भाषांतर केल्यानेही भागत नाही. “आपला एकवेळ संकेतांक त्रयस्थ व्यक्तीसमवेत सामायिक करण्यात येऊ नये,” हे वाक्य शुद्ध आहे आणि निरुपयोगी आहे. त्याऐवजी, “हा आकडा कोणालाही सांगू नका. बँकेचा माणूसही तो विचारत नाही. विचारणारा चोर समजा,” असे लिहिले, तर वाचताक्षणी हात थांबतो.

शिक्षकांना वर्गात हा पाठ घेता येईल. विद्यार्थ्यांनी घरातल्या मोबाईलवरच्या तीन सूचना उतरवून आणाव्यात. त्यांतले आकडे आणि नावे मात्र गाळावीत. मग प्रत्येक सूचनेला तीन प्रश्न विचारावेत : ही सूचना खरोखर हवी का? काय करायचे ते पहिल्याच वाक्यात कळते का? फसल्यावर कोठे जायचे ते त्यात आहे का? तिसऱ्याचे उत्तर द्यायला सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक १९३० फळ्यावर लिहून ठेवावा. शेवटी ती सूचना आजीला कळेल अशा मराठीत लिहावी आणि आजीलाच वाचायला द्यावी. तिला दुसऱ्यांदा वाचावी लागली, तर ती आपण पुन्हा लिहावी.

चांगली सुरक्षा शक्यतो गप्प असते. तिला बोलावेच लागले, तर तिने घरच्या माणसासारखे बोलावे. ते बोलणे घडवणे हे आपले काम आहे.