दहावीची परीक्षा घेतं कोण?

पोरगं दहावीला गेलं, की घरात एकच शब्द ऐकू येतो. बोर्ड! हे बोर्ड म्हणजे कोण?

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण त्या काळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई. विद्यापीठाचं खरं काम कॉलेजचं. स्वातंत्र्यानंतर शाळांसाठी एस.एस.सी. परीक्षा आली. पुढं १९६५ साली कायदा झाला. १ जानेवारी १९६६ ला पुण्यात राज्याचं मंडळ सुरू झालं. तेच हे बोर्ड. तेव्हा एस.एस.सी. अकरावीला असे. १९७५ पासून ती दहावीला आली.

आपलं विभागीय मंडळ कोल्हापुरात आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे त्याच्याकडं.

आपल्याच गुरुजींनी पेपर काढला, तपासला, तर परगावचा माणूस त्या मार्कांवर विश्वास कसा ठेवील? म्हणून पेपर सगळ्यांना एकच. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नाही, बैठक क्रमांक लिहायचा. पाटलाचं पोर कोण, मजुराचं कोण, तपासणाऱ्याला कळत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

शाळा मध्येच सुटलेल्यांनाही वाट आहे. किमान पाचवी पास असलेल्यांना ‘सतरा नंबर फॉर्म’ भरून घरी अभ्यास करून परीक्षेला बसता येतं. मोठ्या वयाच्या बायाही बसतात. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो ट्रंकेत असेल, तर काढून ठेवा. हरवला असेल, तर जुन्या शाळेत जाऊन हेडमास्तरांना विचारा. फॉर्मची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते.