शिवणयंत्र : शोभेचे की उपयोगाचे?

प्रस्तावना

घरातील वस्तू जुनी झाली की तिचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे कधी ना कधी उभा राहतो. ती मोडीत द्यावी, दुरुस्त करून वापरावी, की आठवण म्हणून जपावी? प्रस्तुत वैचारिक पाठात जुन्या शिवणयंत्राच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार केला आहे. पाठात दोन्ही बाजू मांडल्या असून शेवटी त्यांतून निष्कर्ष काढला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
- शिवणयंत्राचे भारतीय जीवनातील स्थान सांगू शकाल;
- एखाद्या प्रश्नाच्या दोन बाजूंची तुलना करू शकाल;
- आपले मत कारणांसह मांडू शकाल.

मूळ पाठ

१. घरातले कमावते यंत्र

अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली आपापल्या शिवणयंत्राचे एकस्व मिळविले. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते. यंत्राच्या सुईचे नेढे मात्र अणीजवळ असते. सुई कापडातून खाली जाऊन वर येऊ लागली की तिच्या धाग्याचा फास खालच्या बॉबिनच्या धाग्यात गुंततो आणि टाका पक्का बसतो. या साध्या युक्तीने हाताने दिवसभर चालणारे काम तासाभरात होऊ लागले.

सिंगरची यंत्रे एकोणिसाव्या शतकातच भारतात आली. पुढे कलकत्त्यात १९३५ साली स्थापन झालेल्या जय इंजिनिअरिंग वर्क्स या कारखान्याची ‘उषा’ यंत्रे घरोघरी पोहोचली. महात्मा गांधी यंत्रांच्या हव्यासाचे कठोर टीकाकार होते. तरीही १९२४ साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा आवर्जून अपवाद केला. जे यंत्र माणसाला निकामी न करता त्याचे कष्ट हलके करते, त्याला त्यांचा विरोध नव्हता.

हे यंत्र चालविण्यास वीज लागत नाही, मोठी जागा लागत नाही, घराबाहेरही जावे लागत नाही. ब्लाउज, परकर, झबली, उशांचे अभ्रे शिवून असंख्य स्त्रियांनी संसाराला हातभार लावला. मिळकत अचानक थांबलेल्या कितीतरी घरांत याच यंत्राने चूल पेटती ठेवली.

२. शोभेची बाजू

तयार कपडे स्वस्त झाले आणि घरोघरची शिलाई कमी झाली. यंत्रे माळ्यावर किंवा अडगळीत गेली. काहींच्या दृष्टीला त्यांतले सौंदर्य पुन्हा दिसले. काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी आणि बिडाच्या पायांची जाळीदार वेलबुट्टी दिवाणखान्यात खुलून दिसते. पायांवर काच किंवा फळी बसवून मेज केले जाते. कोणी त्यावर हात धुण्याचे भांडे बसवितो, तर कोणी यंत्राचाच दिवा करतो.

ही आवड केवळ भारतापुरती नाही. ब्रिटनमधील ‘ऑलसेंट्स’ या कपड्यांच्या दुकानांनी आपल्या दर्शनी काचांमागे जुन्या शिवणयंत्रांच्या रांगाच मांडल्या.

या बाजूचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. जे यंत्र भट्टीत वितळले असते, ते निदान डोळ्यांसमोर राहते. घरात शिवणारे कोणी नसले, तरी आजीच्या कष्टांची आठवण राहते.

३. उपयोगाची बाजू

मात्र या शोभेची एक किंमत असते. पायांचे मेज झाले की वरचे यंत्र बहुधा भंगारात जाते. दिव्यासाठी भोके पाडलेले यंत्र पुन्हा टाका घालू शकत नाही.

शिवाय, ‘बंद पडलेले’ म्हणून बाजूला ठेवलेले यंत्र पुष्कळदा बिघडलेले नसते. त्यातले जुने तेल सुकून घट्ट झालेले असते. सांध्यांत मशीनचे तेल सोडून दोन-चार दिवस थांबले आणि चाक हलक्या हाताने फिरविले, तर ते पुन्हा फिरू लागते. चामडी पट्टा तुटला असेल, तर नवा अल्प खर्चात मिळतो. विसाव्या शतकातील बहुतेक घरगुती यंत्रांना लागणारी सुई आजही बाजारात उपलब्ध आहे.

‘जुने म्हणजे दुर्मीळ’ हाही एक गैरसमज आहे. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील सिंगरचा एकच कारखाना विसाव्या शतकाच्या प्रारंभी वर्षाला दहा लाखांहून अधिक यंत्रे तयार करीत असे. म्हणून अशा यंत्राचे खरे मोल त्याच्या वयात नसून त्याच्या टाक्यात आहे.

ते मोल आजही संपलेले नाही. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील १८ व्यवसायांत शिंप्याचाही समावेश करण्यात आला आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. जे अवजार मिळविण्यासाठी एकीकडे साहाय्य द्यावे लागते, तेच दुसरीकडे चालू स्थितीत असूनही फुलदाणीखाली उभे असते. ब्रिटनमधील ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’ या संस्थेने हा विरोध ओळखून जुनी हत्यारे व शिवणयंत्रे दुरुस्त केली आणि ती आफ्रिकेतील कारागिरांकडे पाठविली.

४. विवेकाचा मार्ग

मग शोभा त्याज्य मानावी काय? तसे नाही. प्रश्न आहे तो क्रमाचा. प्रथम यंत्र जाणकार कारागिराला दाखवावे. चालणारे असेल, तर वापरावे किंवा शिवण शिकणाऱ्या गरजूला द्यावे. बिडाचे अंग तडकले असेल किंवा लागणारी सुईच मिळत नसेल, तर त्याचे चांगले भाग काढून कारागिराला द्यावेत. त्यांनी दुसरे एखादे यंत्र चालू होते. उरलेला सांगाडा खुशाल शोभेसाठी ठेवावा.

चालणारे यंत्रही दिवाणखान्यात मांडता येते. फक्त त्याला भोक पाडू नये, रंग फासू नये आणि पायांपासून कायमचे वेगळे करू नये. जो बदल उद्या मागे घेता येतो, तोच आज करावा. आजीची आठवण काचेच्या मेजातही राहते; पण नातीने त्याच यंत्रावर पहिली शिवण घातली, तर आठवणीबरोबर आजीची विद्याही पुढे जाते.

शब्दार्थ

एकस्व – शोधावरील कायदेशीर हक्क, पेटंट
नेढे – सुईचे भोक
अणी – टोक
बीड – ओतीव लोखंड
त्याज्य – टाकून देण्याजोगे
विवेक – योग्य-अयोग्य ओळखण्याची बुद्धी

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
जुने शिवणयंत्र फिरत नाही, याचे पुष्कळदा आढळणारे कारण –
(अ) सुई न मिळणे (आ) सुकून घट्ट झालेले तेल (इ) विजेचा अभाव

२. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) यंत्राच्या सुईचे नेढे कोठे असते?
(आ) गांधीजींनी कोणत्या यंत्राचा अपवाद केला?

तुम्ही काय शिकलात?

- शिवणयंत्र हे घरबसल्या उपजीविका देणारे साधन आहे.
- शोभेसाठी केलेला कायमचा बदल यंत्राची उपयुक्तता संपवितो.
- आधी उपयोग, मग सुटे भाग आणि शेवटी शोभा, हा क्रम विवेकाचा आहे.

स्वाध्याय

१. ‘यंत्राचे खरे मोल त्याच्या वयात नसून त्याच्या टाक्यात आहे’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. शोभेच्या बाजूने पाठात दिलेली कारणे तुम्हांला पटतात का? सकारण लिहा.
३. तुमच्या घरातील किंवा परिसरातील एखाद्या जुन्या अवजाराची माहिती मिळवा. ते वापरावे की जपावे, याविषयी आठ-दहा ओळी लिहा.