घोड्याची आवड असेल तर आधी खरारा हातात घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की सेनगाव भागातल्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. नीट की जेईई, लातूरला ठेवायचं की नांदेडला? त्यातच एखादे वडील थोडं बाजूला घेऊन विचारतात, "पोराला घोड्याचं वेड लागलंय. वरातीतली घोडी दिसली की जेवण विसरतो. ह्याचं पुढं कसं व्हायचं?"

उत्तर सरळच देतो. या आवडीतून रोजगार मिळतो, अगदी आयुष्यभराचा मिळतो. मात्र बहुतेकांना तो घोड्यावर बसून मिळत नाही. घोडा निरोगी, शांत आणि कामाचा ठेवण्याच्या कसबातून मिळतो. स्वारी ही त्या कसबाची शेवटची पायरी आहे, आणि आपली मुलं नेमकी तिथूनच सुरुवात करायला बघतात.

आधी वाईट बातमी सांगतो. 2019 च्या पशुगणनेत देशभरातले घोडे आणि तट्टू मिळून साधारण 3 लाख 40 हजार भरले. 2012 च्या मानाने ही संख्या 45 टक्क्यांहून अधिक घटलेली आहे. टांगे गेले, मुंबईच्या व्हिक्टोरियांवरही उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बंदी आणली. ओझं वाहणारा घोडा आपल्या डोळ्यांदेखत संपत चालला आहे. टिकून आहे तो शर्यतीचा, खेळाचा, लष्कराचा, हौसेचा आणि औषधनिर्मितीचा घोडा. ही जनावरं मोलाची असतात आणि मालक ती अडाणी हातात देत नाही. जाणता माणूस मिळत नाही ही तबेलेवाल्यांची नेहमीची तक्रार असते. आपल्या मुलांना संधी आहे ती इथे.

आपला मुलूख घोड्याला नवखा नाही. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, ती 1903 पर्यंत. या कंटिंजंटच्या घोडदळातून पुढे डेक्कन हॉर्स ही पलटण घडली. तिच्या स्वारांनी 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूडपाशी घोड्यांवरून हल्ला चढवला होता. आजही माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचे घोडे होळा मोहल्ल्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत धावतात. मराठ्यांच्या पागेतल्या काटक दख्खनी घोड्याच्या वंशाला, म्हणजे भीमथडीला, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मारवाडी आणि काठेवाडीच्या बरोबरीने आता महाराष्ट्राच्या घोड्याचं नाव लागतं, आणि ते टिकवायला इथलेच हात लागणार आहेत.

आता कसबाकडे वळू. घोड्यातला जाणकार ओळखायचा असेल तर तो खूर कसा उचलतो ते पाहा. तो आवाज देत, डाव्या खांद्याच्या बाजूने जवळ येतो, कारण घोड्याला थेट पाठीमागचं आणि नाकाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही. हात खांद्यावर ठेवतो आणि तो न उचलता पायावरून खाली नेतो. गुडघ्याखाली मागच्या बाजूला हलकेच दाबतो. घोडा भार दुसऱ्या पायांवर घेतो आणि खूर आपसूक हातात येतो, ओढाताण नाही की आरडाओरडा नाही. मग आकडीने टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती आणि लीद काढतो, मधला मऊ त्रिकोण जपतो. शेवटी खुराचा वास घेतो. कुजका वास आला तर पावसाळ्यातल्या आपल्या काळ्या चिकण मातीत जनावर ओल्यात उभं राहतंय हे त्याला लगेच कळतं, आणि तो औषधाआधी तबेला कोरडा करतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावेच लागतात. चांगला नालबंद मिळणं किती अवघड आहे ते कुठल्याही तबेल्यात विचारा. मला तर हा एकटा व्यवसायही मन लावून शिकण्यासारखा वाटतो.

शिकवण्याचंही तसंच आहे. लगाम खेचला म्हणून घोडा थांबतो अशी समजूत आहे. खरं तर थांबल्याबरोबर लगाम सैल होतो, हे एकदा उमगलं की तो थांबायला शिकतो. टाचेचा दाब पुढे पाऊल टाकताच सुटतो, म्हणून तो पुढे चालतो. दाब कधी द्यायचा यापेक्षा कधी सोडायचा, हे कळायला वर्षं लागतात. ज्याला ते कळत नाही तो चाबूक आणि काटेरी लगाम वापरतो. 1965 च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामाला मनाई केली आहे, तरी वरातीत रक्ताळलेल्या तोंडाची घोडी दिसते. असल्या माणसाकडे आपलं मूल शिकायला पाठवू नका, तो कितीही नावाजलेला असला तरी.

शिंगराच्या पाठीवर बसायची घाईही नको. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमाराला पडत जातात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरतं. तीन वर्षांच्या आत स्वारी केली तर सांधे आणि पाठ कायमची बिघडू शकते. तोवर लांब दोरीवर गोल चालवणं, खोगीर अंगावर ओळखीचं करणं, चारही पाय हातात देण्याची सवय लावणं, एवढं काम पुरे आहे. हे मुलाच्या संयमाचंही शिक्षण आहे, आणि यातच कोणाचा ओढा खरा ते कळून येतं.

आता वाटा सांगतो. सगळ्यात भक्कम वाट पशुवैद्यकाची. परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याला जवळचं, उदगीरचंही फार लांब नाही. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं, आणि प्रवेशासाठी नीट द्यावी लागते. ही पदवी हातात असली की घोड्याखेरीज गाई-म्हशी, कुत्री, कुक्कुटपालन, सरकारी सेवा असे सगळे दरवाजे खुले राहतात. पालकांच्या काळजीवर यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. याच पदवीवर लष्कराच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये अधिकारी होता येतं. तिचं केंद्र मेरठला आहे. अश्व-संशोधनाची ओढ असेल तर हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे.

दुसरी वाट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. सोयाबीनच्या रानात घोणस चावली की सरकारी दवाखान्यात जे प्रतिविष टोचतात ते घोड्याच्या रक्तापासून बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाचे अगदी थोडे अंश घोड्याला देऊन त्याच्या रक्तात प्रतिकारद्रव्यं तयार करतात आणि ती वेगळी काढतात. हाफकिनसारख्या संस्थांना त्यासाठी घोडे पाळावे लागतात, आणि ते सांभाळणारी, त्यांचं दुखणं-खुपणं ओळखणारी माणसंही लागतात.

शर्यतीचं जग मोठं आणि निसरडं आहे. मुंबई-पुण्याच्या शर्यतींत पांडू खाडे आणि वसंत शिंदे या मराठी जॉकींनी एके काळी नाव गाजवलं. पण जॉकीचं वजन साधारण पन्नास किलोच्या आसपास ठेवावं लागतं, पडझड ठरलेली, आणि पैजांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 40 टक्क्यांवर गेल्याने हा धंदा ताणाखाली आहे. शिकाऊ जॉकी होण्याआधी मुलाने बारावी तरी पूर्ण करावी, असं माझं ठाम मत आहे. स्टड फार्मवर वासरांसारखी शिंगरं वाढवणारे, घोडी विताना रात्रभर जागणारे लोक मात्र शर्यतीच्या चढउतारातही लागतातच.

खेळाचं वेड मुलींमध्येही दिसतं आणि त्याचा मला आनंद आहे. 2023 च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात भारताने सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या चौघांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोघी होत्या, आणि मुंबईचा हृदय छेडाही. मात्र या खेळाडूंनी परदेशात वर्षानुवर्षं सराव केला, त्याचा खर्च शेतकरी घराला झेपणारा नाही. खेळाडू होता आलं नाही तरी प्रशिक्षक, तबेला व्यवस्थापक किंवा स्पर्धेच्या घोड्याचा सईस ही कामं आहेतच.

शेतात एखादा घोडा पाळून छोटं स्वारी केंद्र काढू, असं ज्यांच्या मनात असेल त्यांना दोन गोष्टी सांगतो. यात्रेतून घोडा घेण्याआधी पशुवैद्यकाकडून ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो. दुसरं, घोड्याला उलटी होत नाही. आपल्याकडे कोपऱ्यात पडलेला बुरशी धरलेला मका किंवा पोतंभर दाणा एकदम खाल्ला तर पोटशुळाने, नाहीतर मेंदूच्या विकाराने तो दगावतो. विसाव्याच्या वेळी त्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 पडते. रोज सकाळी ती मोजून वहीत लिहिणारा मुलगा तुमचा घोडा वाचवेल. शिकाऊ मुलांना हेल्मेट आणि टाचेचे बूट घातल्याशिवाय रिकिबीत पाय ठेवू देऊ नका, आणि दोरी हाताला गुंडाळून घोडा नेणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

पालकांना विनंती एवढीच आहे. घोडा विकत घेऊन देऊ नका आणि मुलाची हौस मोडूनही काढू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओळखीच्या तबेल्यात त्याला लीद काढायला, खरारा करायला, पाणी पाजायला पाठवा. पहाटे पाचला तो महिनाभर स्वतःहून उठला, तर अकरावीच्या अर्जात जीवशास्त्र न विसरता भरा आणि एकदा त्याला घेऊन परभणीचं महाविद्यालय पाहून या.