चौघांत खोडी, दहांत गोडी : टायगर बार्ब पाळणाऱ्या भाचरासाठी आत्याचे कानमंत्र

बाळा, काशीच्या ब्रह्मघाटाच्या घरात माशांची टाकी येणार हे कळलं, आणि सगळं दुकान सोडून तू नेमके ते काळ्या पट्ट्यांचे, लाल नाकाचे टायगर बार्बच पसंत केलेस हेही कळलं. घराण्याचा स्वभाव जाईल कुठे! आता गल्लीतला प्रत्येक जाणता तुला सांगेल की हे मासे गुंड आहेत, दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात. कुरतडतात, खरं आहे. पण ते दुष्ट नाहीत, कळपातले आहेत. कोण वरचढ आणि कोण खालचा, हे कळपात रोज नव्याने ठरतं आणि ते तोंडानेच ठरतं. कळप लहान पडला, जागा अपुरी पडली किंवा पोट रिकामं राहिलं, की तेच तोंड भलत्याच्या शेपटीला जाऊन लागतं. हे तीन सांभाळलेस की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं खाली लिहून देते. एका बैठकीत वाचायची सक्ती नाही, पण दुकानात पाऊल टाकण्याआधी वाच.

आणण्याआधी

१. दोन-चार मासे आणून ‘जमलं तर वाढवू’ असं करू नकोस, एकदम दहा आण – चौघांत सगळ्यांचा राग एकाच बिचाऱ्यावर निघतो, दहांत तो वाटला जातो. चौघांत खोडी, दहांत गोडी.

२. टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच घे, तिच्यात साधारण १०६ लिटर पाणी मावतं – या माशांना उंचीचं कौतुक नाही, धावायला लांबी हवी. पळायला जागा असली की मार खाणारा वाचतो.

३. भरलेली टाकी काच, वाळू आणि स्टँड धरून सव्वाशे किलोच्या वर जाते, तेव्हा ती भक्कम भिंतीलगत ठेव, खोलीच्या मधोमध नको – पक्का महाल या आपल्या जुन्या वस्तीतल्या घरांचे मजले दगडी पटियांवर पेललेले आहेत, त्यांच्या वयाचा मान राखावा.

४. गच्चीवर किंवा उघड्या चौकात टाकी नको आणि वायरी जाळीच्या आतून ने – आपल्याकडची माकडं झाकण उघडायला लवकर शिकतात, आणि ओढलेली वायर पाण्यात पडली तर माशांच्या आधी तुलाच धोका.

५. प्रत्येक वायर प्लगच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर ने – वायरीवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी गळून जातो, प्लगमध्ये शिरत नाही.

६. टाकी भरून फिल्टर सुरू केलास की चार ते सहा आठवडे मासे आणू नकोस, फक्त चिमूटभर खाद्य टाकत राहा – माशांच्या घाणीतून निघणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या वेळात फिल्टरमध्ये वस्ती करतात. रिकामी टाकी बघायला लाज वाटली तर झाडं लाव.

७. नळाचं पाणी थेट टाकीत ओतू नकोस, क्लोरीन मारणारे थेंब घाल किंवा बादलीत दिवसभर हवेचा पंप लावून ठेव – भदैनीला गंगेतून उचललेलं पाणी भेलूपुरात शुद्ध होऊन येतं. त्यातलं क्लोरीन आपल्या पोटाला बरं, माशांच्या कल्ल्यांना जाळतं.

८. आज नळाचं, उद्या बोअरिंगचं असा खेळ करू नकोस, एकच पाणी धर – बार्ब थोडं जड पाणी सोसतो, रोजचा बदल सोसत नाही.

सोबत कोणाची

९. फायटर, एंजल, गुरामी, गप्पी आणि झालरीच्या शेपटीचा गोल्डफिश यांना बार्बांत सोडू नकोस – ते संथ चालतात, आणि समोर हळूहळू हलणारी झालर दिसली की बार्बला ती चाखून बघितल्याशिवाय राहवत नाही.

१०. ‘यांच्या जबड्यात दातच नाहीत’ असं कुणी सांगितलं तर मान डोलाव, पण निर्धास्त होऊ नकोस – बार्बचे दात घशात असतात हे खरं, तरी ओठांत धरून एक हिसका दिला की पातळ पर फाटतोच.

११. सोबतीला चपळ झेब्रा डॅनियोंचा कळप घे – तो वेगात बार्बला हार जात नाही, आणि आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलाय, तुझ्या टाकीत यायला त्याला काय अडचण!

१२. रोझी बार्बही त्याच ग्रंथातला आणि याच मातीतला, तो चालेल, पण एका नरामागे दोन माद्या घे – नर जास्त झाले की त्यांचा सगळा दिवस एकमेकांना लाल रंग दाखवण्यात जातो आणि अंगावर धावून जाणं वाढतं.

१३. तळासाठी बोटिया जातीचे लोच चार-पाच घे, पण क्लाऊन लोचच्या रंगाला भुलू नकोस – लोच तळाशी आणि बार्ब मधल्या पाण्यात, म्हणून वाटेत कुणी येत नाही. क्लाऊन मात्र वाढत वाढत फूटभर होतो आणि टाकीच त्याची होते.

१४. सेर्पे टेट्रा किंवा विडो टेट्रा आवडले तर त्यांची वेगळी टाकी कर – तेही कळपाने राहून शेपट्या कुरतडणारे, आणि त्यांच्या जबड्यात खरेच दात असतात. एका माजघरात एकच खोडकर पुरे.

१५. नदीकाठी कुणी काचेसारखा आरपार दिसणारा चंदा मासा देऊ केला तर हात जोडून नाही म्हण – चंदा नामा नावाची जात दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाते. दुकानातले गुलाबी-हिरवे काचमासेही नकोत, त्यांच्या अंगात तो रंग सुईने टोचलेला असतो.

घरी आल्यावर

१६. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेव – पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पिशवीतून येतो, आणि दहा निरोगी माशांवर उपचार करण्यापेक्षा दोन पाहुण्यांवर करणं स्वस्त पडतं.

१७. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू दे, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाल – पाण्याच्या एकदम बदलाने दचकलेला मासा कोपरा धरतो, आणि कोपऱ्यातला मासा जुन्यांच्या डोळ्यांवर लगेच येतो.

१८. जुन्या कळपात नवे सोडायचे असतील तर आधी दगड आणि झाडं हलव, जुन्यांना पोटभर खाऊ घाल आणि दिवा मालवून नव्यांना सोड – सकाळी सगळ्यांनाच घर नवं वाटतं, मालकी कुणाचीच राहत नाही.

१९. झाडं मागच्या बाजूला दाट आणि पुढे मोकळं मैदान ठेव, पाती जाड असलेली जावा फर्न किंवा अनुबियास लाव – लपायला आडोसा मिळतो, आणि कोवळी पानं ही मंडळी भाजी समजून संपवतात.

२०. झाकण नेहमी घट्ट लाव – पाठलाग रंगात आला की बार्ब पाण्याबाहेर उडी मारतो, आणि फरशीवर त्याला उचलणारा कुणी नसतो.

रोजची सवय

२१. दिवसातून दोनदा खायला घाल, दोन मिनिटांत संपेल एवढंच – उरलेलं कुजून पाणी बिघडवतं, आणि एकदाच भरपूर दिलंस तर संध्याकाळी भूक लागते. रिकामं पोट शेजाऱ्याची शेपटी मोजतं.

२२. आठवड्यातून दोनदा वाटाणा उकडून, साल काढून, कुस्करून दे – बार्बला भाजीपाला लागतो, तो ताटात मिळाला की झाडं वाचतात. आणि तुझ्या एकादशीचं पुण्य त्यांच्या माथी मारू नकोस.

२३. नाल्यातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे देऊ नकोस, सुकवलेले ब्लडवर्म दे – किड्यांबरोबर नाल्यातली घाणही घरात येते.

२४. सकाळचा चहा टाकीसमोर पी आणि मासे मोज – जो मोजणीत कमी पडतो तोच कुठेतरी मार खाऊन लपलेला असतो. चहा निवेपर्यंत सापडला नाही तर झाडांमागे आणि फिल्टरच्या तोंडाशी बघ.

२५. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, सगळं एकदम कधीच नाही – पाण्यात साठणारं नायट्रेट थोडं थोडं निघून जातं आणि मासे दचकत नाहीत. साचलेलं पाणी आधी स्वभाव बिघडवतं, मग तब्येत.

२६. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळ, नळाखाली नको – क्लोरीनने जिवाणू मेले तर सहावा मंत्र पहिल्यापासून म्हणावा लागेल.

काशीचे ऋतू

२७. टायगर बार्ब मूळचा सुमात्रा-बोर्निओच्या बाजूचा, ब्लीकर नावाच्या डच डॉक्टरने १८५५ साली शास्त्रात नोंदवलेला. त्याचं पाणी २२ ते २६ अंशांत ठेव – काशीचा उन्हाळा या आकड्याच्या बराच वर जातो आणि थंडी बरीच खाली, म्हणून थर्मामीटर रोज बघायचा.

२८. लूच्या दिवसांत झाकणाजागी जाळी बसव, पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ दे आणि हवेचा पंप सतत चालू ठेव – गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे धापा टाकतात आणि चिडतात. बर्फाचे खडे मात्र टाकू नकोस, एका कोपऱ्यात पौष आणि दुसऱ्यात ज्येष्ठ होतो.

२९. पौष-माघाच्या धुक्यात हीटर लाव, पण पाणी बदलताना आधी तो बंद करून निवू दे – पाणी खाली गेल्यावर उघडी पडलेली तापली काच तडकते.

३०. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात ठेव, आणि वीज गेल्यावर खायला घालू नकोस – फिल्टर बंद असताना पडलेलं अन्न पाण्यालाच पचवावं लागतं.

३१. गंगा चढली आणि नळाला गढूळ पाणी आलं की त्या आठवड्याचा पाणीबदल पुढे ढकल, किंवा आधीच दोन बादल्या भरून ठेव – एक आठवडा उशिरा बदललेलं पाणी मासे माफ करतात, मातकट पाणी करत नाहीत.

भांडण झालंच तर

३२. दोन नर डोकं खाली करून एकमेकांभोवती फिरताना दिसले तर बघत बस, हात घालू नकोस – ते आपापली पत ठरवताहेत. फाटलेली शेपटी किंवा परांची पांढरी कडा दिसली तरच ऊठ.

३३. एकच जण सगळ्यांना छळत असेल तर त्यालाच जाळीच्या पेटीत दोन-तीन दिवस टाकीतच लटकव – तेवढ्यात कळपाची नवी रांग लागते आणि साहेब परत येतात तेव्हा सर्वांत मागे उभे राहतात. गुंडाला काढ, गरिबाला नको.

३४. जखमी झालेल्याला मात्र वेगळं स्वच्छ पाणी दे आणि औषधाच्या बाटलीकडे लगेच धावू नकोस – बुडापासून तुटला नसेल तर पर पुन्हा वाढतो. जखम चिघळतेय असं दिसलं, तर मग औषध.

३५. म्हातारपणाने एकेक जात कळप सहाच्या खाली आला तर नवे चार-पाच आण – उरलेले वयस्कर असले तरी खोडी विसरलेले नसतात.

३६. परगावी जाताना शेजारच्या काकूंना डबा देऊ नकोस, रोजच्या खाद्याच्या तारीख घातलेल्या पुड्या दे – प्रेमाने घातलेलं जास्तीचं अन्न उपासापेक्षा लवकर मारतं, आणि काकूंचं प्रेम तुला ठाऊक आहे.

३७. कधी नकोसे झाले तर दुकानदाराला परत दे किंवा ओळखीच्या पाळणाऱ्याला दे, पुण्य म्हणून घाटावर सोडू नकोस – २०२० साली वाराणसीजवळ गंगेत दक्षिण अमेरिकेतला सकरमाऊथ कॅटफिश सापडला होता, आणि असे परदेशी मासे बऱ्याचदा कुणाच्या तरी घरच्या टाकीतूनच नदीला लागतात. डॅनियो आणि रोझी बार्बाचं ते माहेर आहे, तिथे आपल्या घरचे गुंड पाठवायचे नाहीत.