जमिनीच्या पोटातली भेग आणि समुद्राची लाट

"आपल्या वलगावात पाणी म्हणाल तं पेढी नदी. मंग त्सुनामी कायले शिकाची?" असं बैठकीत एखादी ताई विचारेल, आणि तिचं चूकही नाही. पण आपली कितीतरी लेकरं मुंबईकडे कामाला आहेत. बाया देवदर्शनाला रामेश्वर, जगन्नाथपुरी, गणपतीपुळ्याला जातात. शिवाय ज्या गोष्टीवरून त्सुनामीचा धोका मोजतात, ती आपल्या उशाशीच आहे.

ती म्हणजे भूभ्रंश. उन्हाळ्यात काळ्या वावराला भेगा पडतात, त्या माती वाळल्यानं. भ्रंश म्हणजे खडकातली लांबच लांब, किलोमीटरच्या किलोमीटर खोल भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-अचलपूरच्या अंगानं गाविलगड भ्रंश जातो. त्याच्या दक्षिणेची जमीन लाखो वर्षांत खचत गेली आणि तिथं पूर्णेनं शेकडो मीटर गाळ भरला. दर्यापूर-भातकुलीकडचा खारपाणपट्टा याच खोलगट भागात आहे.

भ्रंश सापडला की पहिला प्रश्न: तो समुद्राखाली आहे का? गाविलगड भ्रंश जमिनीवर आहे. तिथं भूकंप होऊ शकतो, त्सुनामी नाही. म्हणून मोबाईलवर कोणी "अमरावतीला त्सुनामी" असं पाठवलं तर पुढे ढकलू नका.

दुसरा प्रश्न: सरकतो कसा? हे घरीच करून पाहा. मोठ्या घमेल्यात पाणी घ्या, तळाशी ताट ठेवा. ताटाची एक कड झटकन वर उचला. पाणी उसळून काठावर येईल. आता तेच ताट तळालाच आडवं सरकवा. पाणी थोडं हलेल, बस. 26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळ समुद्राचा तळ वर उचलला गेला. भेग हजार किलोमीटरहून जास्त लांब फाटली आणि दोन लाखांवर माणसं गेली, त्यात आपल्या तामिळनाडू-अंदमानचीही. 11 एप्रिल 2012 ला त्याच बाजूच्या समुद्रात 8.6 चा भूकंप झाला, पण जमीन आडवी सरकली. लाट लहानच राहिली. नुसता भूकंपाचा आकडा ऐकून घाबरायचं नाही ते यासाठी.

आता मुंबईचं. पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली मकरान नावाचा पट्टा आहे. तिथं एक भूखंड दुसऱ्याखाली शिरतो, म्हणजे ताट वर उचलणारा प्रकार. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे तिथं 8 हून मोठा भूकंप झाला. चार-पाच तासांनी, सकाळी आठच्या सुमारास, लाट मुंबईला पोचली. उंची सुमारे 2 मीटर, तरी वर्सोवा, हाजीअलीकडे मिळून पंधराएक माणसं वाहून गेली. पाच तास हातात होते, पण निरोप देणारं कोणी नव्हतं.

तो निरोप आता हैदराबादहून निघतो. इन्कॉइस या सरकारी संस्थेत 2007 पासून त्सुनामी इशारा केंद्र चालतं. सुमात्रा आणि मकरान या दोन्ही पट्ट्यांची लांबी, उतार, सरकण्याची दिशा घेऊन "इथं एवढा भूकंप झाला तर लाट कुठं, किती वेळात, किती उंच" याची गणितं त्यांनी आधीच करून ठेवली आहेत. आपण पेरणीआधी बियाणं-खताचा हिशेब मांडून ठेवतो ना, तसंच. भूकंप झाला की जुळणारं गणित काढायचं, आणि समुद्रात बसवलेल्या यंत्रांवरून लाट खरंच निघाली का ते ताडायचं.

मुंबईतल्या लेकराला फोनवर एवढं सांगून ठेवा. मकरान दूर आहे, तिथला हादरा तुला जाणवेलच असं नाही. म्हणून सरकारी इशारा आला तर किनारा सोड. समुद्र एकाएकी आत ओढला गेला तर पाहत उभा राहू नको, उंचावर जा. आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली येऊ नको. लाटा तासन्तास येत राहतात, मागून येणारी जास्त मोठीही असते.