आधी बाटलीचा गळा बघा

मेदॉकची वाईन आंबूस आणि उकडलेल्या मनुकांसारखी लागली म्हणून पिणाऱ्याची जीभ अडाणी ठरत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दक्षिण मुंबईतल्या एका दुकानदाराने चार गिऱ्हाइकांसमोर मला नेमकं तेच ऐकवलं. वर म्हणाला, "उलव्याला राहता ना? मग घरीच तापली असेल."

बाटली साडेचार हजारांची होती. २०१८ची, बोर्दोच्या डाव्या काठावरच्या मेदॉकची, कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो यांच्या मिश्रणाची. व्याही आणि विहीणबाई जेवायला यायचे होते आणि व्याह्यांना वाईनमधलं चांगलं कळतं. दिवस मे महिन्याचे. नवऱ्याने दुपारी ती विकत घेतली आणि एसी गाडीतून अटल सेतूवरून सरळ उलव्याला घरी आणली. बिलावर वेळ छापलेली आहे. रात्री मी बुचावरचं वेष्टन कापलं आणि बोटं चिकटली. बुचाच्या कडेने एक तपकिरी ओघळ खाली उतरून, वाळून पार कडक झाला होता. वेष्टनाच्या आतल्या बाजूला काळपट बुरशी होती. बूच काचेच्या कडेवर चांगलंच उचललं गेलं होतं. दुपारी घेतलेल्या बाटलीवर रात्रीपर्यंत बुरशी धरत नाही. ही वाईन कधीतरी, कुठेतरी उन्हात किंवा बंद गोदामात महिनोन्‌महिने तापली होती, आणि आम्ही तिचे पूर्ण पैसे मोजले होते. ते कळलं तेव्हा पाहुणे दाराशी चपला काढत होते.

व्याह्यांनी पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. "विहीणबाई, तुमच्याकडे येण्याआधीच ही गेलेली आहे," एवढंच ते म्हणाले. सात वर्षांच्या मेदॉकचा रंग अजून गडद लाल असायला हवा, ब्लॅककरंटचा, देवदाराचा वास यायला हवा. आमच्या पेल्यात कडेला विटकरी झाक होती आणि वास शिळ्या जॅमचा.

झालेलं असं असतं. वाईन तापली की प्रसरण पावते आणि बुचाला वर ढकलते, थोडी पाझरते. रात्री गार झाली की आकसते आणि त्याच फटीतून हवा आत ओढून घेते. असं पुन्हापुन्हा झालं की फळाचा स्वाद शिजतो आणि हवेने वाईन आंबते. एकदा हे झालं की बाटली गार करा, नाहीतर तासभर जगमध्ये ओतून ठेवा, काही परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली, बूच, बिल घेऊन दुकानात गेलो. त्या माणसाने वाईनचा वाससुद्धा घेतला नाही. बूच हातात धरायला तयार नाही. "फ्रेंच वाईन अशीच असते मॅडम, सवय लागावी लागते." मग मेहेरबानी केल्यासारखं व्हिस्कीवर थोडी सूट देऊ केली. त्याच्या मागेच पश्चिमेच्या काचेला लागून फ्रेंच बाटल्यांची रांग होती, सगळ्या उभ्या, वर पिवळे दिवे. दुकान बंद झालं की एसीही बंद. व्हिस्की अशी वर्षानुवर्षं उभी राहिली तरी फारसं बिघडत नाही, पण बुचाची वाईन आडवी, अंधारात, १२ ते १४ अंशांना ठेवायची असते. नाशिकच्या वायनरीत थंड तळघरं बघून आलेल्या कुणालाही हे दिसतं. ते रोज वाईन विकणाऱ्याला दिसू नये, आणि खापर मात्र आमच्या उलव्याच्या उन्हावर!

तर घेताना आधी बाटलीचा गळा बघा. वेष्टन बोटाने हळूच फिरवून बघा, बहुतेकदा ते सहज फिरतं. चिकटून बसलं असेल तर आत ओघळ असण्याची शंका घ्या. वरून दाबा, बूच वर आलं असेल तर उंचवटा हाताला लागतो. वाईनची पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली असेल तर ती बाटली नको. काचेजवळची तर मुळीच नको. मागे आयातदाराचं नाव-पत्ता असलेली पट्टी आहे ना ते पाहा. पक्कं बिल घ्या. घरी उघडताना संशय आला तर तिथेच थांबून फोटो काढा आणि दुकानदाराने उडवून लावलं तर ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा. मी केली आहे. भरमसाट आयातशुल्क भरून आलेली वस्तू आपण घेतो, तिथे भीड कसली?

आता पाजण्याबद्दल. भारी लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं ज्याला त्याला पाठ असतं. ती खोली फ्रान्समधल्या थंड दगडी घराची. खाडीकाठच्या उलव्यात मे महिन्यात खोली ३२ अंशांची असते आणि त्या तापमानाला नुसत्या अल्कोहोलचा भपका येतो. वाईन हवी १६ ते १८ अंशांना. 'वीस मिनिटं फ्रीजमध्ये' हा सल्ला आपल्याकडे अपुरा पडतो. तासभर तरी ठेवा, किंवा बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घालून दहा मिनिटं. पेल्यात बर्फाचा खडा कधीही टाकू नका. कोवळी वाईन मोठ्या तोंडाच्या काचेच्या जगमध्ये तासभर आधी ओता, तिचा तुरटपणा निवळतो. पेला एक तृतीयांशच भरा. आणि गाडी चालवणाऱ्याला आग्रह करू नका.

जेवणाचं सोपं आहे, पण आपल्याकडे नेमकं तिथेच चुकतं. जिताडा मासा आमच्या रायगडचा मान, तरी कॅबर्नेबरोबर नको. लाल वाईनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात धातूची, मासट चव राहते. झणझणीत आगरी रश्शाबरोबरही नको, अल्कोहोलने तिखट दुप्पट जाळतं आणि तुरटपणाने तोंड कोरडं पडतं. मटण मात्र घ्या. मंद शिजवलेलं, चरबी असलेलं, काळी मिरी आणि भाजलेल्या खोबऱ्याचं सुकं, मिरची हात राखून. प्रथिनं आणि चरबी तुरटपणाला धरून ठेवतात आणि फळाचा स्वाद पुढे येतो. थंडीत पोपटी लावाल तेव्हा ऱ्होनच्या उत्तर भागातली सिराह आणा. वालाच्या शेंगा, ओवा, भांबुर्ड्याच्या पाल्याचा धुरकट वास, मडक्यातली कोंबडी, तिखट जवळपास नाहीच. या वाईनच्या अंगातच मिरी आणि धूर असतो. फ्रेंच बाटलीचा भरवसा वाटत नसेल तर सुलाची रासा शिराझ किंवा ग्रोव्हरची ला रिझर्व्ह घ्या. ग्रोव्हरला तर बोर्दोच्याच वाईनतज्ज्ञ मिशेल रोलां यांचा सल्ला लाभला होता, आणि या बाटल्यांना समुद्र ओलांडून यावं लागत नाही.

उरली तर बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस चालते. आमची मात्र मटणाच्या रश्शातसुद्धा घालण्याच्या लायकीची नव्हती.