भयाचे निमंत्रण

भिंतीवर चिकटविलेले चित्रपटाचे भित्तिपत्रक येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाशी बोलत असते. चित्रपट प्रौढांसाठी असला, तरी शाळेच्या वाटेवर असलेल्या मुलालाही ते हाक मारते. चित्रपट पाहावयाचा की नाही हे आपण ठरवू शकतो. जाहिरात मात्र न बोलावता डोळ्यांपुढे येऊन उभी राहते. म्हणून तिची पारख करावयास शिकले पाहिजे.

भयपटाची जाहिरात करणे विशेष अवघड असते. अंधारात काय दडले आहे हे कळले, की निम्मी भीती नाहीशी होते. परंतु काहीच दाखविले नाही, तर प्रेक्षक चित्रपटगृहाकडे फिरकणार कसा? काय उघड करावे आणि काय झाकून ठेवावे, या निवडीतच जाहिरात करणाऱ्याचे कसब दिसून येते.

१९७५ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या भित्तिपत्रकावरील चित्र रॉजर कास्टेल या चित्रकाराचे आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर एक स्त्री निश्चिंतपणे पोहत आहे आणि तिच्या खालून जबडा वासलेला प्रचंड शार्क मासा वर येत आहे. तो तिला दिसत नाही, आपल्याला दिसतो. तिला सावध करावे असे वाटते, पण आपला आवाज तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. या असहायतेतूनच भय उपजते. रक्ताचा एक थेंबही त्या चित्रात नाही.

रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ या १९७९ सालच्या चित्रपटाचे भित्तिपत्रक याहूनही अबोल आहे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक अंडे, त्याला गेलेला तडा आणि त्यातून झिरपणारा हिरवट प्रकाश! आत काय आहे, ते चित्र सांगत नाही. सोबतच्या ओळीचा आशय एवढाच, की अवकाशात तुमची किंकाळी कोणालाही ऐकू येणार नाही. ध्वनीच्या प्रसारणास माध्यम लागते, हे तुम्ही विज्ञानात शिकता. तेच साधे सत्य येथे अंगावर काटा आणते.

चित्रपट येण्यापूर्वी त्याची जी झलक दाखवितात, तिला ट्रेलर म्हणतात. ट्रेलर म्हणजे मागून येणारा. प्रारंभीच्या काळी ही झलक मुख्य चित्रपटानंतर दाखवीत असत, म्हणून हे नाव पडले. ‘सायको’ या १९६० सालच्या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक स्वतःच वाटाड्या झाले आहेत. ते प्रेक्षकांना एका ओसाड घरातून फिरवितात, येथे काय घडले ते सांगू लागतात आणि वाक्य अर्धवट सोडून पुढे जातात. सहा मिनिटांहून अधिक चालणाऱ्या या झलकेत चित्रपटातील प्रसंग जवळजवळ नाहीतच. उरलेले वाक्य प्रेक्षकाचे मन पुरे करते.

परंतु कौशल्य वेगळे आणि प्रामाणिकपणा वेगळा. १९९९ साली ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा चित्रपट आला. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या जंगलात चित्रण करावयास गेलेले तीन विद्यार्थी नाहीसे होतात, ही त्याची कथा. ती सर्वस्वी कल्पित होती. पण ती खरीच घडली, असा समज जाहिरातीने पसरविला. पात्रांना नटांचीच नावे दिली होती. ते बेपत्ता असल्याची पत्रकेही वाटण्यात आली. वस्तुतः तिघेही कलावंत सुखरूप होते. चित्रपटाला अमाप यश लाभले. तरी एक प्रश्न उरतोच. बेपत्ता माणसाचे खरे पत्रक जेव्हा भिंतीवर लागते, तेव्हा त्यामागे एखाद्या घराचा आकांत असतो. ते वाचून लोक थांबतात, विश्वास ठेवतात. त्या विश्वासाचा उपयोग तिकिटे खपविण्यासाठी करावा काय?

‘जॉज’च्या चित्रातही अतिशयोक्ती आहे. परंतु ते चित्र आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. पाहणाऱ्याला जी कळते ती अतिशयोक्ती. त्याला कळू नये म्हणून जी योजतात ती फसवणूक.

तेव्हा कोणतीही जाहिरात पुढे आली, की स्वतःला तीन प्रश्न विचारावे. हिने काय दाखविले? काय झाकले? आणि जे सांगितले, त्यात खरे किती? या प्रश्नांसाठी चित्रपट पाहण्याची गरज नाही. निमंत्रण कितीही मोहक असले, तरी ते स्वीकारण्यापूर्वी नीट वाचणे आपल्या हाती असते.

शब्दार्थ
पारख – गुणदोषांची परीक्षा
कसब – कौशल्य
आकांत – मोठा शोक
मोहक – मन ओढून घेणारे

स्वाध्याय
१. ‘जॉज’च्या भित्तिपत्रकात रक्त नसतानाही भय का वाटते?
२. अतिशयोक्ती आणि फसवणूक यांतील फरक स्वतःचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. तुमच्या पाहण्यातील एखाद्या जाहिरातीची पाठातील तीन प्रश्नांच्या आधारे दहा ओळींत परीक्षा करा.